एरंडातला पीच

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

रबाळ्याच्या सुगंधाच्या लॅबमध्ये ट्रेनी म्हणून लागलीस हे तुझ्या आईने फोनवर सांगितलं, तेव्हापासून मनात तुझाच विचार आहे. तुझ्या मेसेजमध्ये एक वाक्य होतं: 'मावशी, मला फक्त नॅचरलवर काम करायचंय.' त्या वाक्यासाठीच हे पत्र लिहिते आहे.

पहिल्याच आठवड्यात स्टोअरमधून पीचच्या वासाच्या दोन बाटल्या मागून घे. एक गॅमा-डेकालॅक्टोनची आणि दुसरी गॅमा-अनडेकालॅक्टोनची. दुसरीला जुनी माणसं 'अल्डिहाइड सी-१४' म्हणतात. प्रत्यक्षात तो अल्डिहाइड नाही आणि त्यात कार्बन अकराच आहेत, पण नाव चिकटलं ते चिकटलं. वास बघायच्या दोन कागदी पट्ट्या बुडव, दहा मिनिटं थांब, मग हुंग. पिकलेल्या पीचचा साली-गरासकट वास येईल आणि त्यामागे खोबऱ्याच्या वडीसारखं काहीतरी मऊ.

दोन्ही बाटल्यांचं मूळ एरंडेल असू शकतं. लहानपणी नाक दाबून प्यायलेलं तेच एरंडेल. त्यातलं रिसिनोलिइक आम्ल यीस्टला खायला घातलं, की यीस्ट त्याची लांब साखळी दोन-दोन कार्बनांनी तोडत जातं आणि वाटेत डेकालॅक्टोन तयार होतो. युरोपच्या खाद्य-स्वादांसाठीच्या २००८ च्या नियमानुसार तो 'नॅचरल', कारण काम सूक्ष्मजीवाने केलं. तेच तेल प्रक्रिया करून कडक तापवून तोडलं, की एकीकडे अनडेसिलेनिक आम्ल मिळतं, त्याचा होतो अनडेकालॅक्टोन. दुसरीकडे हेप्टानाल मिळतो. त्याची बेंझाल्डिहाइडशी गाठ घातली की जाई-मोगऱ्याच्या वळणाचा वास तयार. हे सगळं 'सिंथेटिक'. शेत एक, बी एक, आणि लेबलं दोन. नियम पद्धत बघतो. शेतात किती पाणी गेलं, कारखान्यातून किती सॉल्व्हेंट बाहेर पडलं, हे तो विचारत नाही. ते तूच विचारायला हवंस.

चंदनाचं उदाहरण घे. त्याहून नैसर्गिक काय असणार? पण तेल असतं गाभ्याच्या लाकडात आणि मुळांत, म्हणून झाड तोडत नाहीत, मुळासकट खणून काढतात. गाभा भरायला पंधरा-वीस वर्षं जातात. आज साखरेवर वाढवलेल्या सूक्ष्मजीवांकडून चंदनाच्या वासाचं तेल करून घेता येतं. माझ्या नाकाला अस्सल तेलाची खोली अजून त्यात पूर्ण सापडत नाही, तरी रोजच्या साबणासाठी चंदनाचं झाड खणायला मी तयार नाही.

आणि 'ग्रीन' हा शब्द? ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने रोज येशील, तेव्हा ऐरोली-घणसोलीतल्या कुणालाही विचार, रात्री एमआयडीसीच्या बाजूने वारा आला की खिडक्या का लावाव्या लागतात. आपण सुगंध विकतो, तेव्हा त्या खिडक्यांची काळजी आपल्यालाही हवी. १९९२ साली रसायनशास्त्रज्ञ रॉजर शेल्डन यांनी एक साधा हिशोब मांडला: एक किलो मालामागे किती किलो कचरा निघाला? त्याला ई-फॅक्टर म्हणतात. फॉर्म्युला लिहिताना प्रत्येक कच्च्या मालासमोर हा आकडा मागायची सवय लाव. बऱ्याचदा पुरवठादाराकडे तो नसतो. तरी माग. चार जणांनी मागितला की पाचव्यांदा तो तयार असतो, हे मी पाहिलं आहे.

आता माझी चूक सांगते, ती तू करू नयेस म्हणून. संत्र्याचं तेल मला फार प्रिय. रस काढल्यावर उरलेल्या सालीतून ते निघतं, त्यासाठी वेगळं झाड लावावं लागत नाही. पूर्वी एका लॅबमध्ये असताना अर्धा कॅन वापरून मी तसाच ठेवला. हवा लागू नये म्हणून वर नायट्रोजन भरतात, तो भरला नाही, फ्रिजमध्येही ठेवला नाही. त्यात एप्रिल-मे गेले. पावसाळ्यात तेच तेल हँड लोशनच्या नमुन्यात घातलं आणि मनगटाला लावलं. ताज्या सालीचा चटका गेला होता, मागे शहाजिऱ्यासारखा आणि जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास होता. तो मला जाणवला, तरी मी पुढे गेले. दुसऱ्या दिवशी मनगटावर लाल चट्टा आणि आठवडाभर खाज. संत्र्याच्या तेलात नव्वद टक्क्यांहून जास्त लिमोनीन असतं. त्याला हवा लागली की हायड्रोपेरॉक्साइडं तयार होतात आणि त्यांची त्वचेला ॲलर्जी होते. म्हणून लिमोनीनचं पेरॉक्साइड लिटरला २० मिलिमोलच्या आत असावं असा इफ्राचा, म्हणजे सुगंध उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा, दंडक आहे. माझं तेल शंभर टक्के नॅचरल होतं. कॅन उघडल्याची तारीख त्याच दिवशी मार्करने लिहायची, एवढं आजपासूनच कर.

नॅचरलवर जरूर काम कर. तुला ते मनापासून आवडतं हे मला माहीत आहे. पण नाक आधी घरच्या वासांवर तयार कर. गवती चहाचं पातं चुरगळ, तो सिट्रल. लवंग दाताखाली धर, तो युजेनॉल. आंबेमोहोराचा भात उकळताना झाकण काढ, त्या वाफेत टू-अ‍ॅसिटाइल-वन-पायरोलीन आहे आणि ते नाकाला नखभरही पुरतं. जोतिबाला वाहतात त्या दवण्याचं तेल जगभरचे परफ्यूमर वापरतात, पण आपल्यातल्या किती जणांनी तो ताजा हातात घेतला असेल? सुट्टीच्या दिवशी सकाळी वाशीच्या मसाला मार्केटमध्ये ये, मी बरोबर येईन. तिथे वेलदोड्याच्या दोन गोण्यांमधला फरक व्यापारी डोळे मिटून सांगतात. त्यांच्याशेजारी उभं राहून हुंगायला मी अजूनही जाते.

येताना पीचच्या त्या दोन पट्ट्या पाकिटात घालून आण, आणि एक वाळ्याची. वाळ्याची आदल्या रात्रीच बुडवून ठेव.

तुझी,
मावशी