चाचण्या नापास, तरी जेनकिन्स हिरवा

प्रश्न : ताई, आमच्या चाचण्या रोज रात्री शेल स्क्रिप्टने चालतात. निकाल पडद्यावर दिसावा आणि फाइलमध्येही साठावा म्हणून तो पाइपने 'टी' (tee) कमांडकडे दिला आहे. लॉगमध्ये नापास चाचण्या स्पष्ट दिसतात, तरी चाचण्या आपोआप चालवून निकाल दाखवणारा जेनकिन्स हिरवाच, म्हणजे 'सगळे ठीक'! असे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : चाचण्या खरे बोलत आहेत, पण त्यांचे म्हणणे 'टी'पाशी अडते. प्रत्येक कमांड संपताना यश-अपयश सांगणारा एक आकडा देते, तो एक्झिट कोड. पाइपलाइनचा, म्हणजे पाइपने जोडलेल्या कमांडांच्या साखळीचा, एक्झिट कोड म्हणजे तिच्यातल्या शेवटच्या कमांडचा कोड. 'टी'ने फाइल नीट लिहिली की ती शून्य देते, आणि शून्य म्हणजे यश. स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'सेट -ओ पाइपफेल' (set -o pipefail) लिहा. मग पाइपमधली कोणतीही कमांड फसली तरी अपयश पुढे पोचते. स्क्रिप्ट कोणत्या शेलने, म्हणजे कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामने, चालवायची ते सांगणाऱ्या पहिल्या ओळीत मात्र बॅश हवे. उबुंटूवर 2006 पासून 'एसएच' (sh) म्हणजे डॅश नावाचा वेगळा शेल आहे, तिथे ही ओळ चालेलच असे नाही.

आणखी एक बघाच. नापास चाचण्यांची संख्याच एक्झिट कोड म्हणून देता का? हा कोड 0 ते 255 एवढाच असतो. बरोबर 256 चाचण्या पडल्या तर तो पुन्हा 0 होतो! म्हणून एक पडली तरी सरळ 1 द्या, संख्या लॉगमध्ये छापा.

मी प्रत्येक नव्या स्क्रिप्टमध्ये आधी मुद्दाम चुकणारी एक चाचणी घालते आणि जेनकिन्स लाल होतो का ते पाहते. तुम्हीही आज रात्री तेवढे करा, आणि काय दिसले ते जरूर कळवा.