घरच्या राजहंसांची अंडी खाता येतात का? मादी घरट्याजवळ फिरकू देत नाही, मग ती काढायची कशी?

खातात की! आम्ही दर वर्षी खातो. दापोलीजवळ आमच्या वाडीत एक नर आणि तीन माद्या आहेत. पाळल्या त्या राखणीला, आवारात कोणी परकं शिरलं की गाव गोळा करतात. अंडी ही वरकड कमाई. (आजी मात्र अजून शिवत नाही. सरस्वतीचं वाहन ना! कोंबडीचं चालतं.)

राजहंस कोंबडीसारखा वर्षभर अंडी देत नाही. आमच्याकडे थंडीत सुरू होतात ती होळीच्या आसपास थांबतात, एका मादीचं साधारण दिवसाआड एक. या दिवसांत नर पिसाळल्यागत वागतो. मान जमिनीलगत ताणून फुत्कारत आला की पळू नका, आणि पाठ तर अजिबात दाखवू नका. मी एकदा दाखवली, पोटरी पंधरा दिवस काळीनिळी होती. तेव्हापासून आई डाव्या हातात घमेलं ढालीसारखं धरूनच जाते.

पण घमेल्यापेक्षा वेळ साधलेली बरी. अंडं घालून झालं की मादी ते पेंढ्याने झाकते आणि पाण्यावर जाते, नर तिच्या मागोमाग. तेवढ्यात उरकायचं. वरून घरटं रिकामं दिसेल, पेंढा चाचपून बघा.

सगळी अंडी मात्र उचलू नका. घरटं मोकळं झालं की ती जागा बदलते, मग झावळ्यांखाली आणि लाकडांच्या राशीमागे हुडकत बसा. एका अंड्यावर पेन्सिलने फुली मारून ते तिथेच ठेवायचं, बिनफुलीचं रोज घ्यायचं. ती खुडूक बसली की घरट्यात हात घालणं बंद. उशिरा सापडलेलं अंडं अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर धरा, लाल शिरा दिसल्या तर ते खायचं नाही. नर असल्यामुळे अंडी बहुधा फलित असतात, पण रोज उचलून फ्रिजमध्ये ठेवली तर आत काही वाढत नाही. चिखल लागला असेल तर कोरड्या फडक्याने पुसा, धुवायचं ते फोडायच्या आधी.

कवच भलतंच जाड. वाटीच्या कडेवर फुटत नाही, उलथन्याच्या दांड्याने ठोका. आणि आधी वेगळ्या भांड्यात फोडा, कढईत थेट नको. आमची अंडी 130 ते 150 ग्रॅम भरतात, म्हणजे एकात कोंबडीची जवळजवळ तीन. बलक मोठा आणि तुपकट, पांढरं घट्ट. मोठ्या आचेवर ते रबर होतं. म्हणून भुर्जी मंद आचेवर, दोन कांदे आणि मिरची सढळ हाताने. एका अंड्यात दोघांचं भागतं. ऑम्लेट मला आवडत नाही, जड होतं. अर्धकच्चं मात्र खाऊ नका, घरटं चिखला-विष्ठेत असतं.

सगळ्यात छान लागतं ते रस्स्यात. गार पाण्यात ठेवून, उकळी आल्यावर पंधरा मिनिटं उकडायचं. सोलून चार फोडी करायच्या. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटपाचा रस्सा उकळला की त्या अलगद सोडायच्या आणि एखाद्या फोडीतला बलक मुद्दाम कुस्करायचा. रस्सा असा दाट होतो की त्या दिवशी भाकऱ्या दोन जास्तच थापाव्या लागतात.