समुद्रावर रडार नसताना पायलटला परवानगी कोण देतं?

भर समुद्रात रडार पोचत नाही, मग पुढे जायची परवानगी कोण देतं आणि पायलट बोलतो कुणाशी, असं तुम्ही विचारलंय. ‘आता सगळं सॅटेलाइटवर चालतं, पायलटला काही करावं लागत नाही,’ असं यावर लोक बिनधास्त सांगतात. ते साफ चूक आहे.

उत्तर अटलांटिकचं घ्या. तिथे दोन नियंत्रण केंद्रं परवानगी देतात: ३० अंश पश्चिम रेखांशाच्या अलीकडे शॅनविक, पलीकडे कॅनडाचं गँडर. शॅनविक म्हणजे आयर्लंडमधलं शॅनन आणि स्कॉटलंडमधलं प्रेस्टविक जोडून केलेलं नाव. कंट्रोलर स्कॉटलंडमध्ये बसतो, एचएफ, म्हणजे लांब पल्ल्याच्या रेडिओवरचा आवाज असतो आयर्लंडमधल्या ऑपरेटरचा. तुमचा निरोप तो कंट्रोलरकडे पोचवतो. हल्ली बरंचसं काम सीपीडीएलसीवर, म्हणजे लिखित संदेशांवर होतं. समुद्रावर शिरण्याआधी वेगळा क्लिअरन्स, म्हणजे परवानगी, घ्यावा लागायचा: कुठून शिरायचं, कोणता मार्ग, कोणती उंची, किती माख, म्हणजे ध्वनीच्या तुलनेत किती वेग.

२०१७ सालची गोष्ट. लंडनहून न्यूयॉर्कला निघालो होतो, मी को-पायलट. प्लॅनमध्ये ५४ अंश उत्तर अक्षांश होता, क्लिअरन्स आला ५३ उत्तर २० पश्चिम, ५३ उत्तर ३० पश्चिम असा. कॅप्टननी स्वतःच एफएमसीत, म्हणजे विमानाला मार्ग सांगणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये, भरलं: एन५३२०, एन५३३०. मशीनने मुकाट्याने घेतलं. घेणारच, कारण दोन्ही बिंदू खरे आहेत. या छोट्या नावात पहिले दोन आकडे अक्षांशाचे, पुढचे दोन रेखांशाचे. फक्त एन आधी लिहिला तर अक्षांशाचा अर्थ होतो ५३ अंश ३० मिनिटं, म्हणजे साडेत्रेपन्न, आणि शेवटी लिहिला, ५३३०एन, तर नुसते ५३ अंश. एका अक्षराच्या जागेने विमान ३० सागरी मैल उत्तरेला जातं, आणि त्या वर्षांत अर्ध्या अंशावर शेजारचा ट्रॅक असू शकायचा.

दोन्ही बिंदू सारखेच वर सरकल्यामुळे मधल्या टप्प्याचा कोर्स जुळत होता, अंतरात फरक जेमतेम ४ मैलांचा. वरवर पाहणाऱ्याला काहीच खटकलं नसतं. मी बिंदूंचे पूर्ण अक्षांश-रेखांश उघडून मोठ्याने वाचायला लागलो, तेव्हा दिसलं.

“सर, हे साडेत्रेपन्न आहे.”

“अरे, बावीस वर्षं अटलांटिक ओलांडतोय मी. माझ्यावर भरवसा नाही का?”

त्यांनी दुरुस्त केलं, पण पुढचे कितीतरी तास माझ्याशी कामापुरतंच बोलले. हॉटेलच्या गाडीत पुन्हा तेच: “सिस्टीमने पकडलंच असतं.”

कदाचित पकडलं असतं. विमान आपला पुढचा मार्ग कंट्रोलरला आपोआप कळवतं, जुळला नाही तर विचारणा होते. पण ते जाळं आपल्या चुकीनंतरचं आहे. त्याच्या भरवशावर पहिली तपासणी सोडायची, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आज डाव्या, म्हणजे कॅप्टनच्या सीटवर बसूनही पटत नाही. को-पायलटने तपासलं म्हणजे अपमान झाला असं ज्याला वाटतं, त्याने समुद्रावर विमान नेऊ नये.

डिसेंबर २०२४ पासून शॅनविक आणि गँडर दोघांनीही तो वेगळा क्लिअरन्स बंद केला. आता आधी आरसीएल नावाचा विनंतीचा संदेश पाठवून आपली पसंती कळवायची आणि एटीसीने, म्हणजे हवाई नियंत्रणाने, शेवटचा मंजूर केलेला मार्ग उडायचा. मार्गबदल मात्र आजही येतात, आणि ते हातानेच भरले जातात.

हे सगळं अटलांटिकचं. आपल्या अरबी समुद्रावर लिखित संदेशांसाठी जोडणीचा कोड, म्हणजे लॉगऑन, मुंबईचा व्हीएबीएफ, आणि एचएफवर मुंबई रेडिओ. तिथली पद्धत वेगळी आहे. ट्रेनिंगमध्ये असाल तर तुमच्या कंपनीचं मॅन्युअल माझ्या शब्दावर मात करतं. फक्त बिंदू तपासताना स्क्रीनवरचं छोटं नाव वाचू नका. पूर्ण आकडे उघडा, एकाने वाचायचे, दुसऱ्याने क्लिअरन्सच्या कागदावर टिक करायची. कॅप्टन वैतागले तरी.