मोटिव्हेशन नाही, की तब्येत बरी नाही? : वाचकांची प्रश्नोत्तरे

या खेपेच्या बहुतेक पत्रांत एकच वाक्य आहे: 'माझं (किंवा घरातल्या कुणाचं तरी) मोटिव्हेशन टिकत नाही, उपाय सांगा.' पत्रं नीट वाचली की कळतं, प्रत्येकाची अडचण निराळी आहे. कुणाची झोप अपुरी आहे, कुणाला चुकीची माहिती मिळालीय आणि एक जण बहुधा आजारी आहे. मानसशास्त्रज्ञ म्हणून मला काळजी वाटते ती या सगळ्यांना एकच औषध विकलं जातं याची. म्हणून ही उत्तरं सुटी सुटी देते आहे.

प्रश्न : २१ दिवसांत सवय लागते म्हणतात. मी व्यायामाचा तीनदा प्रयत्न केला. दर वेळी मध्येच एखादा दिवस चुकतो आणि मी पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायला लागतो. माझ्यात चिकाटीच नाही का? (बँक कर्मचारी, नाशिक)

चिकाटी आहे, मोजणी चुकीची आहे. मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९६० साली लिहिलं होतं की, शस्त्रक्रियेनंतर आपल्या नव्या चेहऱ्याला सरावायला रुग्णाला किमान २१ दिवस लागतात. लोकांनी पुढे त्यातला 'किमान' सोडून दिला, चेहराही सोडून दिला आणि आकडा तेवढा धरून ठेवला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या नव्या सवयींवर बारा आठवडे लक्ष ठेवलं, तेव्हा मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला. माणसागणिक आणि सवयीगणिक हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता (बारा आठवड्यांपलीकडचे आकडे हिशेबाने काढलेला अंदाज आहेत). याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही. तेव्हा चुकलेला दिवस सोडून द्या आणि दुसऱ्या दिवशी पुढे चला. चाळिशी उलटली असेल, रक्तदाब किंवा साखर असेल, तर व्यायाम किती करायचा हे मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : यशस्वी होण्यासाठी पहाटे चारला उठणं गरजेचं आहे का? (विद्यार्थिनी, अकोला)

नाही. सात-आठ तास झोप पूर्ण होत असेल तर चारला उठा, होत नसेल तर सातला.

प्रश्न : आमच्या नऊ वर्षांच्या मुलाला अजिबात धीर नाही. एका क्लासने त्याच्या बोटांचे ठसे घेऊन 'डीएमआयटी' अहवाल दिला, त्यात संयम कमी निघाला. आता ते 'मिडब्रेन अॅक्टिव्हेशन'चा कोर्स घ्या म्हणतात. मी घरीही चॉकलेट समोर ठेवून परीक्षा घेतली, तो दोन मिनिटंही थांबला नाही. कोर्स लावावा का? (पालक, कोल्हापूर)

लावू नका. बोटांवरच्या रेषा बाळ जन्माला येण्याआधीच तयार होतात. त्यांवरून मुलाचा संयम, बुद्धी किंवा करिअर सांगता येतं याला कसलाही शास्त्रीय आधार नाही. मेंदूचा तो मधला भाग तर तुमच्या मुलात जन्मापासून काम करतोच आहे, त्याच्याशिवाय डोळ्यांची बुबुळंसुद्धा नीट हलली नसती. अशा कोर्सच्या प्रात्यक्षिकांत डोळ्यांवर पट्टी बांधून वाचून दाखवणारी मुलं नाकाशेजारच्या फटीतून बघत असतात. हा पालकांच्या काळजीवर चाललेला धंदा आहे आणि मुलाला तो फसवायला शिकवतो, याचा मला मनापासून राग येतो.

आता चॉकलेटबद्दल. ही परीक्षा मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी स्टॅनफर्डमध्ये केलेल्या प्रयोगावरून घरोघरी पोचली: समोरचा खाऊ लगेच न खाता थांबलास, तर जास्त मिळेल. थांबणारी मुलं पुढे यशस्वी होतात, असा तिचा अर्थ लावला गेला. २०१८ साली सुमारे ९०० मुलांवर हे पुन्हा तपासलं, तेव्हा तो संबंध बराच क्षीण निघाला, आणि घरची परिस्थिती हिशेबात घेतल्यावर आणखी कमी झाला. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो रॉचेस्टर विद्यापीठाचा २०१३ चा प्रयोग. मोठ्या माणसाने आधी दिलेला शब्द पाळला, ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. शब्द मोडला, ती तीनच मिनिटं. 'परीक्षा झाली की सायकल' असं म्हणून आपण किती वेळा विसरतो, ते घरात एकदा आठवून बघा. छोटी आश्वासनं द्या आणि ती वेळेवर पाळा. शाळेतूनही 'जागेवर बसत नाही, काम अर्धवट सोडतो' अशी तक्रार सतत येत असेल, तर बालमनोविकारतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या.

प्रश्न : अभ्यासिकेतला मित्र रात्रभर जागण्यासाठी एक गोळी घेतो. त्याचं लक्षही चांगलं लागतं म्हणे. मी घेऊ का? (विद्यार्थी, नवी पेठ, पुणे)

घेऊ नका. अशा गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायच्या नसतात. मित्रालाही डॉक्टरांकडे घेऊन जा.

प्रश्न : माझा भाऊ चार वर्षं पुण्यात राज्यसेवेची तयारी करतोय. दोनदा पूर्व परीक्षा निघाली, मुख्य राहिली. दिवाळीपासून अभ्यासिकेत जातो पण पुस्तक उघडून नुसता बसतो. रात्रभर जागा, दुपारपर्यंत अंथरुणात. मेसचा डबा तसाच परत जातो. क्रिकेटचा वेडा होता, आता मॅचही बघत नाही. दोन मोटिव्हेशनल शिबिरांना पाठवलं. चार दिवस बरा होता, मग आणखी गप्प झाला. वडील म्हणतात, आळशी झालाय. मनोबल वाढवणारं काय वाचायला द्यावं? (बहीण, परभणी)

ताई, काहीही वाचायला देऊ नका. त्याला याच आठवड्यात मनोविकारतज्ज्ञांकडे घेऊन जा.

पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी ते करत नाही. पण तुम्ही जे लिहिलंय ते वाचून मला थांबवत नाही. आळस करणारा माणूस अभ्यास टाळतो आणि तो वेळ आवडीच्या गोष्टीत घालवतो. तुमच्या भावाची आवडच गेली आहे. उदास वाटणं किंवा कशातच रस न वाटणं, त्याबरोबर झोप आणि भूक बिघडणं, लक्ष न लागणं, स्वतःला कमी लेखणं हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, तर नैराश्याची तपासणी करायची असते. तुमच्याकडे दिवाळीपासून हे चालू आहे. थायरॉइड, रक्तक्षय, बी-१२ ची कमतरता यांनीही माणूस असाच गळून जातो, म्हणून डॉक्टर रक्ततपासणीही सांगतील.

माझ्याकडे येणारी कितीतरी कुटुंबं अशीच उशिरा येतात. आधी 'आळस', मग 'संगत', मग नवस, मग शिबिर, आणि सगळं करून थकल्यावर दवाखाना. बेंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत, निरनिराळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचारांविना राहतात असं आढळलं. त्यांतल्या अनेकांना घरच्यांनी तुमच्या भावासारखंच प्रेमाने समजावलं असेल. समजावून ताप उतरत नाही, तसाच हा आजारही उतरत नाही.

शिबिरांबद्दल स्पष्ट सांगते. मोठ्या आवाजातलं संगीत, हजार लोकांबरोबर घेतलेली शपथ, आणि शेवटी 'पुढच्या लेव्हलसाठी आजच नाव नोंदवा'. निरोगी माणसाचा त्यात पैसाच जातो. नैराश्यात असलेला मुलगा मात्र घरी येऊन म्हणतो, 'सगळ्यांना जमलं, मलाच जमत नाही.' अपराधीपणाचं आणखी एक ओझं त्याच्या डोक्यावर बसतं. तुमचा भाऊ नंतर आणखी गप्प झाला, हे तुम्ही अचूक टिपलंय. स्वतःला 'लाइफ कोच' म्हणवून घ्यायला कुठलाही परवाना लागत नाही. मनोविकारतज्ज्ञाची नोंदणी मेडिकल कौन्सिलकडे असते, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे. नोंदणी क्रमांक विचारा. विचारण्यात काही गैर नाही.

उपचार होतात आणि बहुतेकांना त्यांनी बरं वाटतं. समुपदेशनात 'इच्छा झाली की करीन' याची वाट बघत नाहीत. सकाळी ठरल्या वेळी अंघोळ, दहा मिनिटं चालणं, एका मित्राला फोन, अशी लहान कामं आधी करून घेतात, उत्साह मागून येतो. औषधं दिली तर त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. तोवर धीर धरावा लागेल आणि ती मनाने बंद करायची नाहीत. एखादी परीक्षा हुकली तरी चालेल.

वडिलांना सांगा, त्याच्यासमोर 'आळशी' हा शब्द आजपासून बंद. तुम्ही शेजारी बसा आणि सरळ विचारा, 'जगू नये असं वाटतं का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी रुग्णालयात न्या. १४४१६ हा सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे. मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. तुम्ही स्वतःसुद्धा फोन करू शकता.

प्रश्न : मी रोज रात्री स्वतःला अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसलेलं डोळ्यांसमोर आणते. याने यश खेचलं जातं का? (सातारा)

खेचलं जात नाही. मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगेन यांच्या अभ्यासात पदवीधरांनी यशाची जितकी जास्त दिवास्वप्नं रंगवली, तितक्याच कमी नोकरीच्या संधी दोन वर्षांनी त्यांना आलेल्या दिसल्या आणि पगारही कमी. स्वप्न बघा, पण लगेच स्वतःला विचारा की आज आड काय येणार आहे. मग त्यावर नेमकी वेळ आणि जागा ठरवून काम बांधा: 'संध्याकाळी चहाचा कप खाली ठेवला, की चालू घडामोडींची वही उघडायची.' मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी अशा 'अमुक झालं की तमुक करीन' प्रकारच्या योजनांवर बरंच काम केलंय आणि त्यांचा उपयोग होतो. खुर्चीचा विचार थांबवता येत नसेल, त्यापायी झोप उडत असेल, तर समुपदेशकांशी बोला.

प्रश्न : वय ६३. निवृत्तीनंतर तबला शिकतोय. हात बसत नाही, चिडचिड होते. शिकायचं वय गेलं का? (डोंबिवली)

नाही गेलं. या वयात शिकायला जास्त वेळ लागतो, पण शिकता येतं. आठवड्यातून एकदा दोन तास बसण्यापेक्षा रोज वीस मिनिटं बसा, आणि गुरुजींना सांगून एकच कायदा (तबल्याच्या बोलांची ठरलेली रचना) महिनाभर संथ लयीत घ्या. बोटं आखडत असतील किंवा मनगट दुखत असेल, तर रियाज वाढवण्याआधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.