चमत्कार पाहूनही इस्राएल लोक पुन्हा पुन्हा मूर्तींकडे का वळत? आणि ‘तडजोड’ नेमकी कशाला म्हणायची?

हा प्रश्न बहुतेक वेळा असा विचारला जातो की जणू ते लोक बिनडोक होते. मिसरातून (इजिप्तमधून) सुटताना समुद्र दुभंगलेला पाहिला आणि तरी सोन्याच्या वासराभोवती नाचले! मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी आहे, माहेर पेणचं, आता इस्राएलमध्ये अश्दोदला राहते. ‘तडजोड’ हा शब्द माझ्या घरच्या एका ताटाला चिकटवला गेलाय, त्यामुळे उत्तर लांबेल.

सरळ उत्तर आधी देऊन टाकते. त्यांना आपला देव सोडायचाच नव्हता. मिसरात नाईल होती, कनानात मात्र आभाळाकडे बघत बसायचं. तोराचं पाचवं पुस्तक ‘अनुवाद’, त्याच्या ११ व्या अध्यायात हा फरक स्वच्छ सांगितलाय. बआल हा कनानी लोकांचा ढगांचा आणि पावसाचा देव. १९२९ पासून सीरियातल्या रास शम्राला मातीच्या पाट्या सापडत गेल्या, त्यांत त्याच्या कथाच्या कथा आहेत. शेजारचा जुना शेतकरी पेरणीच्या वेळी बआलाला काहीतरी वाहतो आणि त्याचं पीक उभं राहतं. मग आपणही वाहिलं तर काय बिघडलं? मिसरातून सोडवणारा देव वेगळा, दाणागोटा देणारा वेगळा, अशी वाटणी झाली. होशेया संदेष्टा चिडतो तो याच वाटणीवर. इस्राएलला बायको कल्पून तो देवाच्या तोंडी घालतो: धान्य, द्राक्षारस, तेल मीच देत होतो हे हिला कळलंच नाही. सीनायच्या वाळवंटात कुंतिल्लेत अज्रूदला १९७५-७६ साली उत्खनन झालं. तिथल्या रांजणांवर इ.स.पूर्व आठव्या शतकाच्या आसपासचा मजकूर आहे, त्यात शोमरोनचा (इस्राएलच्या उत्तरेकडच्या राजधानीचा) परमेश्वर ‘आणि त्याची अशेरा’ (अशेरा ही कनानी देवी) यांच्या नावाने आशीर्वाद दिलाय. लिहिणाऱ्याला त्यात काहीच वावगं वाटलं नसणार.

आता ताटाचं सांगते.

आमच्यात शुभकार्याला मलिदा असतो. पोहे भिजवून त्यात खवलेला नारळ, साखर, वेलची, मनुका, बदामाचे काप. वरती आणि कडेने फळं, मध्ये गुलाबाचं फूल. एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे एलियाहू संदेष्ट्याचं, गाणं म्हणतात आणि मग एकेक फळ उचलून त्याची ब्राखा, म्हणजे देवाचे आभार मानणारी छोटी प्रार्थना. खजूर झाडाचा, म्हणून त्याची वेगळी. केळं जमिनीच्या पिकात धरतात, म्हणून त्याची वेगळी. गुलाब शोभेला ठेवत नाहीत, सुवासाचीही ब्राखा असते. प्रत्येक ब्राखा ‘हे परमेश्वरा, आमच्या देवा, विश्वाच्या राजा’ अशीच सुरू होते. ताटासमोर कोणी हात जोडत नाही.

माझ्या मुलाच्या साखरपुड्याला सुनेचे काका आले होते. ते आमच्या समाजाचे नाहीत. ताट आलं, नारळ दिसला, फूल दिसलं, भिंतीवर अग्निरथातल्या एलियाहूची तसबीर दिसली, आणि ते भर बैठकीत म्हणाले की हे पूजेचं ताट आहे, भारतातून बांधून आणलेली मूर्तिपूजा आहे. स्वतःच्या मुलांना घेऊन बाहेर जाऊन उभे राहिले. माझे सासरे प्रार्थना म्हणत होते. त्यांनी मान वर केली नाही, पुढची ब्राखा तशीच म्हटली, फक्त आवाज चढवून. या माणसाने १९६०च्या दशकाची सुरुवात इथेच काढलेली. तेव्हा आमच्या लोकांची लग्नं लावण्याआधी रब्बी आमच्या मागच्या पिढ्या तपासायला लागले होते. आमच्या लोकांना रस्त्यावर उतरावं लागलं आणि १९६४ साली सरकारने हे सर्व बाबतींत ज्यूच आहेत असं जाहीर केलं. त्या माणसासमोर हे बोलणं!

काकांचं म्हणणं दिसण्यावर होतं. शेजाऱ्यांसारखं दिसतं, म्हणजे तडजोड. तनाखमध्ये, म्हणजे ज्यूंच्या पवित्र ग्रंथात, मात्र तडजोडीचा सगळ्यात मोठा गुन्हेगार शेजाऱ्यांकडून काही उसनं आणत नाही. तो यराबाम राजा आहे, ‘पहिले राजे’ या पुस्तकाचा १२ वा अध्याय. दावीदाचा मुलगा शलमोन राजा गेल्यावर, इ.स.पूर्व ९३० च्या सुमारास, राज्य फुटलं. उत्तरेकडचे दहा वंश याच्याकडे आले आणि याला धास्ती पडली की लोक सणाला यरुशलेमला जात राहिले तर त्यांचं मन पुन्हा दावीदाच्या घराण्याकडे वळेल. म्हणून त्याने सोन्याची दोन वासरं केली, एक बेथेलला, एक दानला. लोकांना सांगितलं की यरुशलेमला जायचे कष्ट पुरे झाले, मिसरातून तुम्हाला आणणारे देव हेच. याजकपण लेवी वंशाचं, पण याने लेवी नसलेले याजक नेमले. सणही मनाने ठरवला, आठव्या महिन्याच्या पंधराव्या दिवशी. मिसरातून सुटकेची गोष्ट तीच, यज्ञही तसेच. बदललं एवढंच की देव कुठे आणि कसा भेटणार हे राजाच्या गादीच्या सोयीने ठरलं.

तेल दानला मी जाऊन आलेय. १९६६ पासून अव्राहाम बिरानने तिथे खोदकाम केलं. दगडी चौथरा आहे, चढायला रुंद पायऱ्या आहेत, आणि वेदी केवढी असेल ते कळावं म्हणून लोखंडी चौकट उभी केलीय. माणसापेक्षा उंच. वासरू सापडलेलं नाही. त्या चौकटीखाली उभं राहिल्यावर मला पहिल्यांदा नीट जाणवलं की हे काही चोरून कोपऱ्यात चाललेलं नव्हतं. सरकारी खर्चाने बांधलेलं, देखणं, सोयीचं देऊळ होतं. माझ्या मते तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. शलमोनाचंही तेच: परदेशी राण्या हे राजकारणच, आणि त्यापायी यरुशलेमच्या पूर्वेच्या डोंगरावर कमोशाचं, म्हणजे मवाबी लोकांच्या देवाचं, उच्च स्थान (पूजेची जागा) उभं राहिलं.

उलट नामान बघा, ‘दुसरे राजे’ या पुस्तकाचा ५ वा अध्याय. अरामचा सेनापती, कोड बरं झाल्यावर म्हणतो की यापुढे मी फक्त तुमच्याच देवाला यज्ञ करीन. दोन खेचरांवर मावेल एवढी माती मागून घेतो. मग चाचरत विचारतो, आमचा राजा माझ्या हातावर टेकून रिम्मोनाच्या, आमच्या देवाच्या, देवळात वाकतो, तेव्हा मलाही वाकावं लागतं, तेवढ्याची क्षमा होईल ना? त्याला बरं करणारा संदेष्टा अलीशा भाषण देत नाही. शांतीने जा म्हणतो. प्रत्यक्ष मूर्तीसमोर वाकणाऱ्याला संदेष्टा जाऊ देतो आणि आमच्या घरी खोबऱ्यावरून माणसं उठून जातात. नामान इस्राएली नव्हता, त्याची सवलत आम्हाला लागू नाही, हे मला माहीत आहे आणि मी ती मागतही नाहीये. माणूस कोणाला हाक मारतोय हे अलीशाने आधी पाहिलं, एवढंच मला दाखवायचंय.

कोकणात आमची माणसं कित्येक पिढ्या चहूबाजूंनी देवळं असलेल्या गावांत राहिली. इब्री (हिब्रू) जवळजवळ विसरली, पण शेमा, देव एकच आहे असं सांगणारी प्रार्थना, विसरली नाहीत, आणि शनिवारी घाणा बंद ठेवायची म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं. गावाने त्यांना तसं राहू दिलं, हेही सांगायला हवं. यराबामाला राजवाड्यात बसून जमलं नाही ते या तेल्यांनी केलं.

एक गोष्ट मात्र काकांच्या बाजूने सांगते, कारण ती खरी आहे. पितळेचा साप मोशेने देवाच्या सांगण्यावरून केला होता. लोक पुढे त्यालाच धूप जाळायला लागले तेव्हा हिज्कीया राजाने त्याचे तुकडे केले. चांगल्या उगमाची वस्तूही नासते. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर एलियाहूच्या रथाच्या खुणा आहेत अशी आमची श्रद्धा आहे, लोक नवस बोलतात. नवस परमेश्वराला आणि एलियाहू साक्षीला, इथपर्यंत ठीक. कोणी एलियाहूकडेच मुलगा मागत असेल तर ते चूक आहे आणि मी तोंडावर सांगते. तसबिरीला हार घातलेलाही मी काढायला लावलाय, सख्ख्या नणंदेच्या घरी. काकांनी त्या दिवशी आधी विचारलं असतं की तुम्ही हे कोणाच्या नावाने म्हणता, तर सासऱ्यांनी त्यांना शेजारी बसवून एकेका ब्राखेचा अर्थ सांगितला असता.