रिपोर्ट ग्रुपवर गेला, भरपाई कोणाकडे मागायची?

प्रश्न : धंतोलीतल्या एका लॅबमध्ये बहिणीच्या रक्ताची तपासणी केली. तिथल्या माणसाने रिपोर्ट भलत्याच ग्रुपवर टाकला. ठरत आलेलं लग्न मोडलं. वकीलसाहेब, नव्या कायद्यात २५० कोटींपर्यंत दंड आहे म्हणतात. आम्हाला त्यातलं काही मिळेल का? (महाल)

उत्तर : नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातला दंड सरकारी तिजोरीत जातो, तुमच्या बहिणीच्या हाती रुपयाही पडणार नाही. शिवाय नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य कलमांना १८ महिन्यांची मुदत दिली आहे, म्हणजे मे २०२७ उजाडणार.

तुमच्या कामाचं कलम जुनंच आहे : माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ४३-ए. वैद्यकीय माहिती २०११ च्या नियमांनी 'संवेदनशील' ठरवली आहे. ती सांभाळण्यात लॅबने हलगर्जी केली आणि त्यातून बहिणीचं नुकसान झालं, हे दाखवता आलं की भरपाई मागता येते. ५ कोटींपर्यंतचा दावा दिवाणी कोर्टात नाही, राज्याच्या आयटी सचिवांपुढे चालतो. पण नवा कायदा पूर्ण लागू झाला की हे कलमच रद्द होणार आहे. नुकसान सोसणाऱ्याचा भरपाईचा हक्क असा काढून घेणं मला अन्यायाचं वाटतं. म्हणून 'दिवाळीनंतर बघू' म्हणू नका.

आणि ज्या फोनवर तो मेसेज आला, तो विकू नका, फॉरमॅट करू नका. नुसत्या स्क्रीनशॉटवर भागत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलमध्ये फेरफार झाला नाही हे दाखवणारा संकेतांक) लिहायची असते आणि तज्ज्ञाची सहीही लागते. ग्रुपमधल्या ज्या ओळखीच्या माणसाने तुम्हाला कळवलं, त्यालाही आजच सांगा की मेसेज डिलीट करू नको.

प्रश्न : मुलाने सीताबर्डीच्या एका क्लासमध्ये डेमोसाठी नंबर लिहून दिला. आता रोज कुठल्याकुठल्या कॉलेजांचे फोन. (मानेवाडा)

उत्तर : फोन नंबर 'संवेदनशील' यादीत नाही, त्यामुळे ४३-ए इथे चालणार नाही. करार मोडून, कमाईसाठी नंबर दिला असेल तर त्याच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ७२-ए खाली ३ वर्षांपर्यंत कैद आहे, पण ते सिद्ध करणं कठीण. सध्या १९०९ वर डीएनडी, म्हणजे जाहिरातीचे फोन नकोत, अशी नोंद करा. नंबर काढून टाकायला लावण्याचा हक्क नव्या कायद्यात आहे, तो लागू झाला की वापरा.

प्रश्न : ओटीपी कोणालाच दिला नाही, तरी खात्यातून ४० हजार गेले. बँक म्हणते, चूक तुमचीच. (इतवारी)

उत्तर : चूक तुमची होती हे बँकेने सिद्ध करायचं, तुम्ही नव्हे. रिझर्व्ह बँकेचा जुलै २०१७ पासूनचा नियम तसंच सांगतो. दोष तुमचाही नाही, बँकेचाही नाही, असं असेल आणि पैसे गेल्याचा बँकेचा मेसेज आल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं असेल, तर तुमची जबाबदारी शून्य. १० कामकाजाच्या दिवसांत रक्कम खात्यात दिसायला हवी. आसामातल्या एका ग्राहकाचे ९४,२०४ रुपये बँकेनेच द्यायचे, हा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये कायम ठेवला.

१९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली नसेल तर आधी ती करा. मग शाखेत लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तीच प्रत जोडायची आहे.