सर्व्हर दुसऱ्या मजल्यावर नेला, आता पुरे का?

प्रश्न : आमची पतसंस्था सांगलीत आहे. तासगाव, विटा, जत धरून नऊ शाखा. २०१९ च्या पुरात तळमजल्यावरचा सर्व्हर भिजला. मग आम्ही नवा सर्व्हर दुसऱ्या मजल्यावर बसवला आणि त्याच रॅकमध्ये तसाच आणखी एक घेतला. एकावर पडलेली नोंद लगेच दुसऱ्यावर जाते. पुरवठादार म्हणतात, आता हाय अव्हेलेबिलिटी झाली, म्हणजे एक बंद पडला तरी काम थांबत नाही, वेगळ्या बॅकअपवर खर्च कशाला? संचालकांनाही ते पटलंय. माझ्या मनाला मात्र चैन नाही. मी उगाच घाबरतोय का?
— एक व्यवस्थापक, सांगली

उत्तर : तुम्ही उगाच घाबरत नाही आहात. दुसरा सर्व्हर घेतलात हे चांगलंच केलंत. पहिल्याचा पॉवर सप्लाय जळला तरी काउंटरसमोरच्या सभासदाला कळायचंही नाही. पण त्याचा उपयोग तेवढ्यापुरताच आहे. कुणी चुकून सगळ्या खात्यांना व्याज दोनदा लावलं, तर ती चूकही त्याच क्षणी दुसऱ्या सर्व्हरवर जाते. रॅन्समवेअरने, म्हणजे खंडणीसाठी डेटा अडकवणाऱ्या व्हायरसने, डेटा बिघडवला तर तोही तसाच पोचतो.

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीत एका इंजिनिअरने रात्री चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरला. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, त्यातली एकही नीट चालत नव्हती. रोजचा बॅकअप तर सॉफ्टवेअरची आवृत्ती जुळत नसल्याने होतच नव्हता, आणि तो फसल्याच्या ईमेलही कुणापर्यंत पोचत नव्हत्या. सहा तास आधी कुणीतरी हाताने काढून ठेवलेली एक प्रत होती, तिच्यावर निभावलं.

मी स्वतः असा प्रसंग एका दूध संघात पाहिला आहे. तिथली बॅकअपची व्यवस्था मीच लावली होती. रोज सकाळी 'बॅकअप यशस्वी' असा निरोप यायचा. सर्व्हर बंद पडला तेव्हा डिस्क उघडली, तर शेवटची नोंद ३१ मार्चची. एप्रिलात सॉफ्टवेअर बदललं होतं, डेटाबेसचं नाव बदललं होतं, आणि आमचा बॅकअप नव्या नावाकडे न बघता जुन्याचीच प्रत काढत होता. आम्ही संकलन केंद्रांच्या पावत्या गोण्यांतून आणल्या. एकाने वाचायचं, दुसऱ्याने टाइप करायचं. फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ), लिटर. उत्पादकांचं दहा दिवसांचं बिल अडलं होतं, आणि त्यातली कित्येक घरं त्याच बिलावर किराणा भरत होती. तेव्हापासून प्रत्यक्ष उलगडून पाहिल्याशिवाय मी बॅकअपला बॅकअप म्हणत नाही.

आता पुराचं. दुसऱ्या मजल्यावर सर्व्हर कोरडा राहील, पण गावात पाणी शिरलं की महावितरण वीज बंद करतं. यूपीएस काही तास तग धरेल, जनरेटरला डिझेल आणायला रस्ता नसेल. तासगाव, विट्याच्या शाखा कोरड्या असूनही बंद पडतील. म्हणून तिसरी प्रत सांगलीबाहेर हवी, आणि तुमच्याकडे जागा आयतीच आहे : जत. दुष्काळी तालुका, कृष्णेच्या पुराचं पाणी तिथे यायचं नाही. जतच्या शाखेत साधा सर्व्हर ठेवा आणि दर पंधरा मिनिटांनी व्यवहारांचे लॉग, म्हणजे डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाच्या क्रमवार नोंदी, तिकडे पाठवा. पोचलेले लॉग तिथल्या डेटाबेसला दोन तास उशिराने लागू होतील असं ठेवा, म्हणजे चूक लक्षात आली तर ती लागू होण्याआधीच थांबवता येते. खरोखर संकट आलं की उरलेले लॉग लावून घ्यायचे. या सर्व्हरचा पासवर्ड सांगलीपेक्षा वेगळाच ठेवा. शिवाय आठवड्याला एक प्रत सुट्या डिस्कवर घ्या, आणि घेऊन झाली की डिस्क काढून ठेवा. जतची इंटरनेट लाइन सांगलीतल्या एक्स्चेंजवरून फिरून येते का, हेही कंपनीला विचारा. येत असेल तर दुसऱ्या कंपनीची लाइन घ्या.

सांगलीतल्या दोन सर्व्हरमधली केबल तुटली तर दोघंही स्वतःला मुख्य समजून नोंदी घेऊ लागू शकतात. कोण मुख्य हे ठरवणारं तिसरं मत कुठे ठेवलंय, ते पुरवठादाराला विचारा.

संचालकांपुढे जाताना दोनच गोष्टी विचारा. काउंटर किती वेळ बंद राहिलेलं चालेल? आणि किती वेळच्या नोंदी पुन्हा हाताने करता येतील? 'चार तास' आणि 'पंधरा मिनिटं' अशी उत्तरं आली, तर वर सांगितलेल्या व्यवस्थेचा खर्च पुरेसा आहे. 'एक मिनिटही नाही' असं म्हणाले, तर त्याची किंमत कितीतरी पट होईल, आणि पतसंस्थेला त्याची गरज आहे असं मला वाटत नाही.

जतवर काम कधी हलवायचं आणि कुणाच्या शब्दावर, हे आजच कागदावर ठरवा. पूर सांगून येतो. कोयनेचा विसर्ग कळतो, आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी तर सांगलीत लहान मुलंही विचारतात. धोका पातळी ४५ फूट आहे, पण तोवर थांबू नका. ४० फुटांच्या इशारा पातळीलाच, वीज असताना, शांतपणे काम जतवर न्या. निर्णय तुमचा एकट्याचा असू द्या. त्या रात्री सभेसाठी संचालक जमणार नाहीत.

मे महिन्यातल्या एका रविवारी तालीम घ्या. सांगलीचे दोन्ही सर्व्हर बंद करा, जतवरून शाखा सुरू करा, शनिवारची किर्द (रोजच्या व्यवहारांची वही) काढा, रोख शिल्लक मोजा, तेरीज (सगळ्या खात्यांच्या नावे-जमेचा ताळा) जुळवा. रोजची बचत गोळा करणाऱ्या पिग्मी एजंटांची मशीनं जोडली जातात का तेही बघा, बहुधा तिथेच अडतं. घड्याळ लावून बसा, आणि तेरीज जुळायला किती वेळ लागला ते मला कळवा.